किमान मेंदू

ढोले बाईंनी माझीच चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे अक्षर तुमचंच ना?"

अक्षर माझंच होतं. लेटरहेड माझं, सही माझी, आणि ज्याचा मला त्या काळी जरा जास्तच अभिमान होता ते इंग्रजीही माझंच. खाली मात्र लाल शाईत दुसऱ्याच कुणाच्या तरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'किमान मेंदू असल्याबाबत डॉक्टरांचे पत्र. आवक क्र. ४७.'

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

"सोमवारी शोभाचं नाव काढून राह्यले, साहेब. टी.सी.वर शेरा म्हणून हेच लिवतील. मंग कोणती शाळा घेईन तिले?"

टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर एकदा शेरा पडला की तो पोराच्या मागे मागे फिरतो. माझं हसू तिथेच आटपलं.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आर्वीत माझा लहान मुलांचा दवाखाना होता. ढोले बाई तळेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात, हमरस्त्याला लागून असलेल्या शाळेत चौथीला शिकवायच्या. महिनाभर आधी त्या एका मुलीला आणि तिच्या आईला घेऊन एस.टी.नं माझ्याकडे आल्या होत्या. मुलगी म्हणजे शोभा भोयर, वय नऊ. गप्प बसणारी, कुणाला त्रास न देणारी. दंगा करणारी पोरं शिक्षकांच्या डोळ्यांवर येतातच. पण गप्प पोरीचं काहीतरी बिनसलंय हे पन्नास पोरांच्या वर्गात ओळखायला वेगळी नजर लागते. ती बाईंकडे होती.

"तिचं लक्ष नसते असं नाई," त्या म्हणाल्या होत्या, "लक्ष टिकत नाई."

हा फरक मला वैद्यकीच्या पुस्तकात चार पानं वाचून कळला होता. बाईंना तो वर्गात उभं राहून कळला होता. त्यांनी एक वहीही आणली होती. पंधरा दिवस रोज शोभावर नजर ठेवून लिहिलेली. 'मंगळवार. शुद्धलेखन. दोन ओळी बिनचूक. तिसरीत वेलांट्या चुकल्या. बाहेरून ट्रक गेला. चौथी ओळ नाहीच.' 'गुरुवार. तोंडी गणितं. वर्गात पहिली.' 'शुक्रवार. फळ्यावर पाच गणितं दिली, एकही पूर्ण नाही. तीच पाच एकेक करून दिली, चार बरोबर.' मोठ्या हॉस्पिटलांत मी याहून पातळ केसपेपर पाहिले आहेत.

असं मूल आलं की आधी दुसरी कारणं तपासायची असतात. डोळे पाहिले. शोभाच्या मागे उभा राहून मी हळूच 'लिमलेटची गोळी' म्हटलं, पोर झटकन वळली. कान ठीक होते. बसल्या बसल्या क्षणभर शुद्ध हरपते का, झोप कशी, जंत आहेत का, घरात मारझोड आहे का, हे सगळं आईला विचारलं. तसं काही नव्हतं. उरला तो एकच आजार. बुद्धी चांगली, पण लक्ष एका जागी धरून ठेवण्याचं मेंदूचं जे बारीक काम असतं, ते अडखळतं. आमच्या पुस्तकांत तेव्हा त्याला 'मिनिमल ब्रेन डिसफंक्शन' म्हणत. मेंदूच्या कामातला अगदी किरकोळ अडथळा, एवढाच अर्थ.

माझ्याकडे द्यायला औषध नव्हतं, म्हणून मी नाव दिलं. शाळेसाठी चिठ्ठी लिहिली, त्यात ते नाव मोठ्या अक्षरांत घातलं, खाली रेघ मारली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. काय करायचं, ते एका शब्दानंही लिहिलं नाही.

"मी येतो शाळेत," मी बाईंना म्हणालो.

"उद्या या. शनिवार हाये, सकाळची शाळा. शोभाच्या बाबालेबी थांबवून ठेवतो मी."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा मुख्याध्यापक राऊत गुरुजी रजिस्टर उघडून बसलेच होते. टोपी, कोट, टेबलावर लाल आणि निळी दौत. शेजारच्या बाकावर शोभाचे वडील देविदासभाऊ. शेतकरी माणूस, घरचं बरं चाललेलं. मुलगी शाळेत गेली काय आणि घरी राहिली काय, त्यांचं फारसं काही अडत नव्हतं, आणि मला भीती वाटत होती ती त्याचीच.

"गुरुजी, त्या शब्दांचा अर्थ तसा नाही," मी सुरुवात केली.

"डॉक्टरसाहेब, मी मॅट्रिकले इंग्रजी घेतलं होतं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मिनिमल म्हणजे कमीत कमी. ब्रेन म्हणजे मेंदू. तिसरा शब्द आमच्या डिक्शनरीत नाई सापडला."

तिसऱ्याच शब्दात सगळं होतं. मी पाच मिनिटं समजावून सांगितलं. गुरुजींनी मन लावून ऐकलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचा बोलण्यापेक्षा कागदावर जास्त विश्वास होता.

"तुम्ही म्हणता ते पटलं. पण हे तोंडी झालं. तुमचं पत्र आवक झालेलं हाये, ते फाडता येत नाई. दुसरं पत्र द्या, मागचं पत्र रद्द म्हणून. आणि कारण लिहा."

"काय कारण?"

"पत्र रद्द काऊन? पोरगी महिन्याभरात बरी झाली, का डॉक्टरची चूक झाली? दोन्हीपैकी एक."

आता खरं सांगतो. मला राग आला. माझं निदान बरोबर होतं. नागपूरच्या माझ्या सरांनीही तेच केलं असतं. एका खेड्यातल्या आवक-जावक रजिस्टरमध्ये 'डॉक्टरची चूक' म्हणून कायमचं नाव लावून घ्यायला मी तयार नव्हतो. "चूक झालेली नाही," मी म्हणालो, "तुम्ही वाचलंत चुकीचं."

गुरुजींनी लाल दौतीचं बूच लावलं. देविदासभाऊ उठले. "जाऊ द्या ना साहेब. डॉक्टर म्हणते मेंदू कमी, शाळा म्हणते मेंदू कमी. घरी राहीन पोरगी. आईले मदत होईन."

ढोले बाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच बोलल्या, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, कागदावर चूक कोणाची तरी लिवाच लागते. तुमची लिवली तर तुमचा दवाखाना उद्याबी भरते. तिची लिवली तर तिची शाळा संपते."

मला लाज वाटली. अख्ख्या तालुक्यात मी एकटा मुलांचा डॉक्टर होतो आणि नऊ वर्षांच्या पोरीशी चुकीच्या वाटणीवरून हुज्जत घालत होतो. आणि चूक खरंच माझी होती. जो कागद वाचणाऱ्याला कळत नाही, तो लिहिणाऱ्यानंच चुकवलेला असतो.

मी कोरा कागद मागितला आणि मराठीत लिहिलं, 'कु. शोभा देविदास भोयर हिचा मेंदू पुरेसा व चांगला आहे. मागील पत्रात डॉक्टरांनी चुकीचे शब्द वापरले, सबब ते रद्द समजावे.' मग बाईंना विचारलं, "आता काय करायचं ते सांगा." त्यांनी एकेक सांगितलं, मी लिहीत गेलो. एका वेळी एकच गणित द्यावे. रस्त्याकडे पाठ करून पुढे बसवावे. अर्ध्या तासाने उठण्याचे काहीतरी काम द्यावे. लिहिणे अपुरे राहिल्यास तोंडी विचारावे. खाली सही तेवढी माझी.

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. निळी दौत उघडली, नंबर घातला, आणि मान डोलावली.

देविदासभाऊंनी विचारलं, "म्हंजे चूक डॉक्टरची होती?"

"होती," मी म्हणालो.

"मंग पोरीचं नाव काऊन काढाचं?" ते गुरुजींकडे वळून म्हणाले, जणू नाव काढायची कल्पना एकट्या गुरुजींचीच होती. "सोमवारी पाठवतो तिले."

परतीच्या एस.टी.ची वाट पाहताना बाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, साहेब." आभार मीच मानायला हवे होते. त्या दिवशी शोभावर उपचार झाला असेल तर तो त्यांनी केला होता, मी फक्त कारकुनी केली होती.

शोभा चौथी पास झाली. फार वर नाही, पण पास झाली. मध्यंतरी आमच्या पुस्तकांनीही ते जुनं नाव टाकलं आणि 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' असं नवं घेतलं. वाचल्याबरोबर मला राऊत गुरुजी आठवले. डेफिसिट म्हणजे तूट, हे त्यांच्या डिक्शनरीत नक्की असणार.

तोवर मी शाळांना इंग्रजीत लिहिणं सोडलं होतं. मुलाला काय झालंय हे एका ओळीत, काय करायचं हे चार ओळींत, आणि त्या चार ओळी शिक्षकांना विचारून. माझ्या सगळ्या डॉक्टरकीत मी शिकलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट, आणि ती मला कुठल्या कॉलेजात कुणी सांगितली नाही.

चार वर्षांनी एक उंच मुलगी एकटीच दवाखान्यात आली. दोन वेण्या, हातात घडीवर फाटलेला कागद. मी तिला ओळखलं नाही, कागदावरचा मजकूर ओळखला. आवक केलेलं पत्र गुरुजींनी ठेवून घेतलं असणार. ही बाईंनी स्वतःच्या अक्षरात केलेली नक्कल होती, तिच्यावर शाळेचा शिक्का होता. मागची बाजू पूर्ण भरली होती. पाचवीच्या सरांनी लिहिलं होतं, 'तासात मध्येच पाणी प्यायला जाऊ द्यावे.' सहावीच्या बाईंनी, 'मोठ्याने वाचायला सांगावे, चांगली वाचते.' कागद दर जूनमध्ये एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जात होता. शेवटची ओळ तिची स्वतःची होती : 'मला एकदा आठवण द्यावी, मी विसरते.'

"आता आर्वीच्या शाळेत आठवीत नाव टाकलं," शोभा म्हणाली. "हा फाटला. नवा लिवून द्या."

मी लेटरहेड घेतलं. चारही शिक्षकांच्या सूचना नीट उतरवल्या, तिची ओळही उतरवली. वरचा जुना मजकूर आता कशाला हवा, म्हणून गाळला आणि सही करायला लागलो.

ती टेबलावर वाकून वाचत होती. या खेपेला तिचं लक्ष अजिबात हललं नाही.

"साहेब, वरची तुमची चूक राह्यली," ती म्हणाली. "तेबी लिवजा. तेच वाचून सगळे खालचंबी मानतात."

मी दुसरा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला बसलो.