छत्रीचा शिक्का

वालबाईला वाचता येतं असं कोणी म्हटलं, तर ती स्वतःच हसते. तिला चारच अक्षरं येतात आणि तीही इंग्रजी. दोन खांब आणि मधे आडवी दांडी, हे एक. उघडलेली छत्री, हे दुसरं. मग दोन डोंगर, आणि दोन पोटं एकावर एक. एवढ्या भांडवलावर कच्छमधल्या गांधीधामच्या लाकूडबाजारात तिचा शब्द चालतो. शिकल्यासवरलेल्या माणसांचाही इतका चालत नाही, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

ठाकुरदास शेठच्या वखारीत बंदरावरून जुनी पॅलेट येतात. जहाजातल्या मालाखालचे हे लाकडी पाट. माल उतरला की त्यांना कोणी विचारत नाही. वखारीतल्या बायका ती फोडतात, खिळे उपसतात, फळ्या सुट्या करतात. त्यातून कोणी बाकं करतं, कोणी कपाटं, कोणी भाजीचे खोके. बायांमध्ये वालबाई सगळ्यांत जुनी, बावीस वर्षं इथेच काम करणारी.

तिला ती चार अक्षरं शिकवली परमारसाहेबांनी. बंदरावर लाकूड तपासायला असायचे. ते एकदा वखारीत आले तेव्हा वालबाई एका फळीच्या ढलपीनं दात कोरत होती. साहेबांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"बेन, कुठल्या पॅलेटची ही?"

"काय ठाऊक. लाकूड ते लाकूड."

साहेबांनी तिला जमिनीवर बसवून पॅलेटच्या फळ्यांखालचे दोन ठोकळे दाखवले. दांडी-छत्रीचा शिक्का असला, तर लाकूड भट्टीत घालून गाभ्यापर्यंत तापवलंय, कीड उष्णतेनं मेलीय. डोंगर-पोटाचा असला, तर विषारी वायू सोडून मारलीय. "वायू बहुतेक उडून जातो," साहेब म्हणाले, "पण तो किड्यांसाठी होता, त्याला माणूस ओळखता येत नाही. असलं लाकूड चुलीत नाही, स्वयंपाकघरात नाही आणि लेकराच्या जवळपास तर नाहीच." शिक्काच नसला, तर त्या लाकडावर विश्वास ठेवायचा नाही. आणि छत्री असली तरी हुरळून जायचं नाही. डाग बघायचा, वास घ्यायचा, कारण वाटेत त्यावर कुठलं पिंप सांडलं ते शिक्का सांगत नाही.

त्या दिवसापासून वालबाई प्रत्येक पॅलेट हुंगते. बायका चिडवायच्या, "वालबेन, सून बघायला गेलीस तेव्हाही हुंगून घेतलीस का?" ती म्हणायची, "घेतली. म्हणून तर टिकली."

तिची अजून एक खोड होती. शिक्का असतो फक्त ठोकळ्यांवर, फळ्यांवर नसतो. पॅलेट फोडलं की फळ्या अनाथ झाल्या, कुठली कोणाची सांगता येत नाही. म्हणून ती एका पॅलेटच्या फळ्या सुतळीनं एकत्र बांधायची आणि त्याच पॅलेटचा शिक्क्याचा ठोकळा त्या गठ्ठ्याच्या माथ्यावर बांधून ठेवायची. दुसऱ्या वखारींत हे कोणी करत नाही. डोंगर-पोटाचे गठ्ठे ती भिंतीच्या कडेला, वेगळे रचायची.

तर झालं असं. तिची लेक जशू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळबाळंतीण सासरी, अंजारला जायची, आणि सोबत घोडियुं द्यायचं ते मुलीच्या आईनं. लाकडी पाय, वर दांडी आणि तिला टांगलेली झोळी, असा हा आमच्याकडचा पाळणा. वालबाईनं ठरवलं, बाजारातलं आणायचं नाही. जाड, सरळ रेषांच्या फळ्यांचा एक छत्रीचा गठ्ठा तिनं महिनाभर आधी हेरून, तीनदा हुंगून ठेवला आणि करसन सुताराला सांगितलं, "करसनभाई, हाच न्यायचा."

करसन न्यायला आला त्या दिवशी वालबाई बाळाला लस टोचायला दवाखान्यात गेली होती.

घोडियुं झालं झकास. पोपटी रंग, पायांवर लाल फुलं. बाळ त्यात दोन दिवस झोपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वालबाई वखारीत आली, तर भिंतीपाशी भुशात दोन ठोकळे लोळत होते, दोन्हींच्या सुतळ्या कापलेल्या. एकावर छत्री होती, दुसऱ्यावर डोंगर-पोट.

 ती तशीच करसनच्या दुकानात गेली.

"दोन गठ्ठे कशाला सोडलेत?"

करसन बिचारा रंधा हातात धरून विचारात पडला. "तुमच्या गठ्ठ्यात एका फळीला गाठ दिसली, वालबेन. लेकराच्या वस्तूला गाठ कशाला, म्हणून भिंतीकडचा सोडून बघितला."

"आणि नेला कुठला?"

"चांगला होता तो नेला."

"चांगला म्हणजे कुठला, करसनभाई?"

"आता दोन्ही गोरेच होते. उरलेल्या फळ्या ढिगावर टाकल्या." मग त्याला तिचा चेहरा दिसला. "ठोकळ्यावर काय आहे ते मी कशाला बघतोय? आम्ही सुतार फळी बघतो."

तिनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. दोन्ही ठोकळे पदरात घेतले, म्हणाली, "पटाशी घ्या आणि चला," आणि चालू लागली. वाटभर तिच्या मनात एकच होतं. बावीस वर्षं जगाच्या लेकरांना जपलं आणि आपल्याच नातीला विषाच्या लाकडात निजवलं.

घरी पोचते तर दारात विहिणीच्या चपला. बाळबाळंतिणीला न्यायला मोंघीबाई ठरल्याच्या एक दिवस आधीच आली होती. हातात छासचा पेला, समोर घोडियुं, आणि नजर बाळाच्या गालांवर. गालांवर लाल पुरळ होतं.

"या वेवाण," मोंघीबाई म्हणाली. "मी म्हणतच होते, रंग बाकी छान दिलाय. आत लाकूड बंदराच्या कचऱ्यातलं असलं म्हणून काय झालं."

 वालबाईनं बाळाला झोळीतून उचललं आणि जशूच्या मांडीवर दिलं.  गप्प राहायची सोय होती. गुपचूप दुसरं घोडियुं करून घेता आलं असतं. पण तिच्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

"वेवाण, हे लाकूड कुठलं ते आत्ता मला माहीत नाही. चांगलं असेल किंवा विषारी वायू दिलेलं असेल. चूक माझी. मी समोर उभी नव्हते."

मोंघीबाईचा पेला अर्ध्यावर थांबला. "दोन दिवस निजवलंत?"

"दोन दिवस."

"आणि आता कळणार कसं? देवाला विचारून?"

"खिळ्यांना विचारून," वालबाई म्हणाली.

तिनं दोन्ही ठोकळे जमिनीवर ठेवले. "हा छत्रीचा, चांगला; हा डोंगर-पोटाचा, विषाचा." फळ्या उपसताना ठोकळ्यातले खिळे तुटतात आणि त्यांचे खुंट तिथेच राहतात. डोंगर-पोटाच्या ठोकळ्यात दोन खुंट होते, शेजारी शेजारी. छत्रीच्या ठोकळ्यात तीन, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. एका पॅलेटला यंत्र सगळीकडे एकाच मांडणीत खिळे ठोकतं, म्हणजे फळीवर भोकंही तशीच असणार. पण करसननं भोकांत पुट्टी भरली होती, वर रंधा, वर पोपटी रंग.

"खरवडा," ती म्हणाली.

"एवढी फुलं काढलीत, वालबेन."

"खरवडा म्हणते ना."

करसननं घोडियुं आडवं केलं आणि एका पायाच्या टोकाला पटाशी लावली. रंग सोलून निघाला. पुट्टीचा एक पांढरा ठिपका दिसला. मग शेजारी दुसरा.  दोन ठिपके, शेजारी शेजारी. करसननं तिच्याकडे बघितलं आणि पटाशी खाली ठेवली.

"थांबलात का?" हे मोंघीबाई बोलली. पेला बाजूला ठेवून ती गुडघ्यांवर आली होती. "वरचं लाल फूल काढा. त्याच्याखाली बघितलंच नाहीत."

फूल निघालं. त्याच्याखाली तिसरा ठिपका होता.

वालबाईनं पुट्टी खिळ्यानं कोरून काढली आणि छत्रीचा ठोकळा उचलून फळीला लावला. तीन खुंट तीन भोकांत बसले, जरासुद्धा न हलवता. तरी तिनं उरलेले तिन्ही पाय आणि वरची दांडीही खरवडायला लावली. तिथेही तीन-तीन भोकं निघाली आणि प्रत्येक वेळी ठोकळा बसला. मग ती भिंतीला टेकली आणि पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता हसायला लागली. असं हलकं तिला जशूच्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

"आणि हे पुरळ?" मोंघीबाईनं विचारलं.

"घामोळं आहे ते," जशू म्हणाली. "घोडियुं यायच्या आधीपासून आहे. नर्सबाई बघून गेल्यात. मला कोणी विचाराल तर सांगेन ना."

करसन रंगाचा डबा आणायला उठला. "मी परत काढतो फुलं. आणि वालबेन, भिंतीकडच्या त्या फळ्या मी स्वतः ढिगातून वेचून देतो."

"त्या वेचाच," मोंघीबाई म्हणाली. "फुलं राहू द्या. हा ठोकळा दांडीखाली ठोका, शिक्का बाहेर दिसेल असा."

करसननं घोडियुं उभं करून ठोकळा ठोकला. वालबाईनं डोळे पुसले. "कचऱ्यातलं लाकूड नेणार का तुम्ही?"

मोंघीबाईनं बाळाला जशूच्या मांडीवरून उचललं आणि स्वतःच्या हातांनी झोळीत ठेवलं. दोरी हातात घेतली.

"वेवाण, तुम्ही गप्प बसला असतात तर मला जन्मात कळलं नसतं," ती म्हणाली. "म्हणून नेते."

मग दोरी ओढता ओढता तिनं बोट ठोकळ्यावर ठेवलं आणि विचारलं, "यातली छत्री कुठली?"