बारामतीत बर्गरची पंगत

इंदापूरच्या आसपास मिळणारा एकही चांगला पदार्थ माझ्या तावडीतून सुटलेला नाही, असा माझा समज होता. चुलतबहीण दीपालीनं तो एका फोनवर मोडला.

"दादा, माझ्या हातचा बर्गर खाल्ला न्हाय, आन कसला ब्लॉग लिवतोस?"

दीपाली हॉटेल मॅनेजमेंट शिकलीय. सहा महिन्यांपासून बारामतीतल्या एका शाकाहारी बर्गरच्या हॉटेलाचं स्वयंपाकघर सांभाळते. मला चिडवून झाल्यावर तिचा आवाज उतरला. "तात्यांना घिऊन ये. एक घास खाल्ला तरी बास. न्हाय खाल्ला, तर परत कधी बोलवायची न्हाय."

तात्या म्हणजे तिचे वडील, माझे चुलते. नरसिंहपुरात त्यांचा ऊस आहे. पोरगी लोकांची उष्टी-खरकटी काढते, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. कुणी विचारलं की "बारामतीला नोकरीला हाय" एवढंच सांगायचे आणि उसाच्या तोडीवर घसरायचे. ते यायला तयारच नव्हते. शेवटी काकी म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा घरी. मी चालले लेकीकडं." अर्ध्या तासानं कडक इस्त्रीची टोपी घालून तात्या जीपच्या पुढच्या सीटवर बसलेले दिसले.

शनिवारी दुपारी चारला आम्ही भावकीतले अकरा जण भाड्यानं ठरवलेल्या वडापच्या जीपमधून निघालो. नरसिंहपूरहून इंदापूरमार्गे बारामतीला अडीच तास धरा. कारखाने चालू असतील तर अर्धा तास जास्तच, कारण उसाच्या जोड ट्रॉलीला ओलांडायला फार धीर लागतो. निमगाव केतकीला थांबून विड्याची पानं घ्या, इतकी कोवळी दुसरीकडं मिळत नाहीत. तात्या अख्ख्या वाटेत एकदाच बोलले. "पाव काय खायाचा? त्यो ताप आल्यावर खात्यात."

हॉटेलात काचेपलीकडं स्वयंपाकघर दिसतं. तिथं काळी टोपी घातलेली दीपाली होती, आणि मी बघतच राहिलो. भलामोठा तवा, दोन्ही हातांत उलथनी. इकडं टिक्क्या परतायच्या, तिकडं पाव भाजायचे, मधेच चीज ठेवायचं, आणि नजर एकदाही घड्याळाकडं नाही. घरी हिच्या हातून चहा हमखास उतू जायचा, हो! ही तीच पोरगी आहे यावर विश्वास बसेना.

बर्गर एकशे वीस रुपयांना आणि वीतभर उंच. मोठ्या घोळक्यानं जाणार असाल तर आधी फोन करा, कारण बाकीच्या टेबलांचं सांभाळत बर्गर दोन-दोन करूनच येतात. पहिले दोन तात्या आणि काकींपुढं आले. कुणी हात लावला नाही. पुढचे दोन आले, त्यापुढचे आले, तरी सगळे हात आवरून. शेवटचं पान वाढून होईपर्यंत आमच्याकडं कुणी घास उचलत नाही. हे कुणी कुणाला सांगावंही लागत नाही. चीज थिजत चाललं आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

काचेमागं दीपालीचा हात मंदावला. तिला तिथून एवढंच दिसत होतं की बर्गर समोर ठेवून तात्या दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून बसलेत. अकरावा बर्गर घेऊन ती स्वतः आली. डोळे भरलेले होते.

"ऱ्हाऊ द्या तात्या. दुसरं काय तरी करून देते."

"दुसरं कशाला? पंगत पुरी व्हायला नको व्हय?"

"झाली की. अकरा झाली."

तात्यांनी बोटानं सगळी पानं मोजली. "आन तुझं?"

"मी कामावर हाय, तात्या."

"मग आमी थांबतो."

गल्ल्यावरच्या मालकीणबाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "जा, लाव तुझाही. आणि यांचे परत गरम कर."

अकराच्या अकरा टिक्क्या तव्यावर परत गेल्या, त्यांच्यात बारावी पडली. तात्या उठून काचेपाशी गेले आणि लेकीचं काम शेवटपर्यंत बघत राहिले.

"एवढं समदं हीच करती?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

मग बारा जणांनी एकदम घास घेतला. चव? वरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि हिरव्या मिरचीचा आपला ठेचा. तात्यांनी वरचा पाव भाकरीसारखा मोडून टिक्कीला लावून खाल्ला. सगळा संपवला. "मीठ बेतात हाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी आजवर ऐकलेली नाही. दीपालीनं ती ऐकली आणि आम्ही वाटेत घेतलेली निमगावची पानं स्वतः लावून सगळ्यांना दिली.

घरी येऊन आता आठवडा झाला. ठेच्याची चव अजून जिभेवर आहे, पण मनात राहिलीय ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. देवळाच्या पायरीवर कुणीतरी तात्यांना विचारलं, "काल कुटं गेलतासा सगळी?"

तात्यांनी उसाचा विषय काढला नाही. टोपी नीट केली आणि म्हणाले, "लेकीकडं जेवाय."