ठरल्याप्रमाणे राजीनामा

आणे पठारावरचे दादाभाऊ वाईट माणूस असते तर फार बरं झालं असतं. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. दादाभाऊंशी भांडायला जावं तर आपण तोंड उघडायच्या आतच ते म्हणतात, "ताई, तुमचं बराबर हाये." मग ज्याच्याबद्दल तक्रार असते त्याच्याकडे जाऊन त्यालाही तेच सांगतात आणि दोघांच्याही घरी चहा पिऊन येतात. चिडायचं कुणावर?

या माणसाच्या तोंडून "न्हाई" असा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. एकदा एकाच मुहूर्तावर दोन घरची लग्नं आली, तर दोन्ही मांडवांत आग्रहाने जेवले आणि नंतर दोन दिवस आडवे पडले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यांनी मताचा शब्द दिला होता. मतदानाच्या दिवशी पहाटेच मेंढरं घेऊन गायब. "एकाला द्यावं तर बाकीच्यांचं मन मोडतंय," हे त्यावरचं स्पष्टीकरण. घरात आता शेतीच आहे, मेंढरं हौसेपुरती उरली आहेत, पण अशा वेळी उपयोगी पडतात.

आणि हा माणूस माझ्या संस्थेचा विश्वस्त आहे.

मी वृषाली, मूळची जुन्नरची. आळेफाट्याला एका खताच्या दुकानावरच्या खोलीत आमचा 'माळरान हवामान निधी' चालतो आणि तिथली एकुलती एक पगारी नोकर मी. काम सरळ आहे. मुंबईचा एक मोठा ट्रस्ट आम्हाला पैसे देतो. आम्ही ते जुन्नर आणि आंबेगावच्या कोरड्या पट्ट्यातल्या गावांना छोट्या अनुदानांच्या रूपाने वाटतो. अट एवढीच, की गावाने हवामानाचा विचार करून आपलं धोरण ठरवायचं आणि ग्रामसभेत मंजूर करायचं. पाण्याचे नवे बोर किती आणि कुठे घ्यायचे, उन्हाळ्यात शाळा किती वाजता भरवायची, चराईचं रान कोणतं राखायचं, असल्या गोष्टी. कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्या गावांनी बोरांचे नियम केले, तिथे यंदा टँकर उशिरा लागला, आणि ज्यांनी केले नाहीत ती अजून आमच्या दारात उभी आहेत.

विश्वस्त पाच. पहिल्याच बैठकीत अध्यक्ष कोण, यावरून सगळ्यांची तोंडं पाच दिशांना वळली. तेव्हा दादाभाऊंनी तोडगा काढला. आपल्याकडे सरपंचपदाचा, सोसायटीच्या चेअरमनपदाचा निघतो तोच. पाळ्या लावायच्या! सहा-सहा महिने एकेकाने बसायचं आणि ठरल्याप्रमाणे राजीनामा देऊन पुढच्याला खुर्ची द्यायची. स्वतःचं नाव त्यांनी सगळ्यात शेवटी घातलं. मी म्हटलं, अहो, ही संस्था आहे, सोसायटी नव्हे. "ताई, तुमचं बराबर हाये," असं म्हणून ते पाचही जणांना जीपमधून धामणीच्या खंडोबाला घेऊन गेले आणि तिथे सगळ्यांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली. मी कपाळावर हात मारून घेतला.

पहिल्या दोघांनी आपापले सहा महिने हारतुऱ्यांत घालवले. तिसऱ्या पाळीला खोडदच्या सरुबाई आल्या. नवऱ्यामागे शेती एकटीने ओढलेली बाई, बोलायला फटकळ. त्यांच्या पहिल्याच बैठकीत एक सरपंच गावच्या वेशीवर कमान बांधायला अनुदान मागत होते. कमानीवर 'हवामान साक्षर गाव' असं लिहायचं होतं म्हणे. दादाभाऊंनी अर्धी कमान तरी द्या म्हणून शब्द टाकला. सरुबाई म्हणाल्या, "कमानीनं पाणी मुरतंय का? न्हाई म्हंजे न्हाई." सरपंच तणतणत गेले आणि तीन महिन्यांनी खरोखरच बोरांचा ठराव घेऊन परत आले. मला वाटलं, चला, एकदाची संस्था चालायला लागली.

तेवढ्यात ट्रस्टच्या प्रमुखसाहेबांचा फोन आला. पुढच्या तीन वर्षांचा निधी मंजूर करायचा होता आणि साहेब अस्वस्थ होते.

"तुमच्या नेतृत्वात इतकी अस्थिरता का आहे? अध्यक्षांचे राजीनाम्यांवर राजीनामे. काय भांडणं चाललीत तिथे?"

"भांडणं नाहीत साहेब, म्हणूनच तर राजीनामे आहेत."

"मला नाही समजलं."

समजणार तरी कसं? राजीनामा ही नाराजीची नव्हे, सलोख्याची खूण आहे हे मुंबईच्या माणसाला फोनवर कसं समजवायचं? मी बेलभंडाऱ्यापर्यंत सगळं सांगून पाहिलं आणि पलीकडचा आवाज आणखीच थंड झाला. शेवटी त्यांनी अट घातली. आत्ता आहेत त्या अध्यक्ष तीन वर्षं राहतील असं लिहून द्या, नाहीतर निधी बंद.

म्हणजे सरुबाई राहणार. उत्तमच! अडचण एकच होती. पुढची पाळी लोणीच्या गेणभाऊंची होती, त्यांचा स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स छापून तयार होता, आणि गेणभाऊ हे दादाभाऊंचे व्याही. दादाभाऊंची एकुलती लेक सुप्रिया त्यांच्या घरात दिलेली.

"तुम्हीच पाळ्या लावल्या, आता तुम्हीच त्यांना नाही म्हणून सांगा," मी दादाभाऊंना म्हटलं.

"त्यापरीस ताई, गेणभाऊंला तीनच म्हैने दिलं तर?"

"एक दिवसही नाही."

"मानद अध्यक्ष केलं तर?"

"दादाभाऊ, पैसे बंद झाले तर गावांना काय सांगायचं? तुमच्या आण्याला काय सांगायचं?"

ते बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत बसले. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून लोणीला नेलं, कारण एकटे गेले असते तर गेणभाऊंना अध्यक्ष करूनच परत आले असते.

गेणभाऊंच्या ओट्यावर आम्ही बसलो. कांद्याचा भाव झाला, मेंढरांचे दुखरे पाय झाले, नातवाची शाळा झाली. आतून सुप्रिया पाणी देऊन गेली. दादाभाऊ विषयाच्या जवळ यायचे आणि पुन्हा कांद्याकडे वळायचे. माझं डोकं फिरायची वेळ आली होती, तेव्हा एकदम ते म्हणाले, "गेणभाऊ, तुमाला अध्यक्ष व्हता येनार न्हाई."

"म्हंजे पाळी पुढं गेली का?"

"न्हाई. पाळ्याच मोडल्या. सरुबाईच ऱ्हानार."

गेणभाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "दादाभाऊ, भंडारा उचललाय आपुन."

"उचललाय. दोष मला लागंल."

गेणभाऊ उठून आत गेले. आत चहा उकळल्याचा वास येत होता, पण चहा बाहेर आला नाही. परत येताना दादाभाऊंनी स्कूटरवरून वाटेत कुणालाही रामराम घातला नाही. त्यांना असं गप्प बघून पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं.

लिहून दिलं, निधी मंजूर झाला. श्रावणात दादाभाऊ लेकीला पंचमीला आणायला लोणीला गेले आणि एकटेच परत आले. भंडाऱ्याला जो जागला नाही त्याच्या घरी आमची सून जाणार नाही, असं गेणभाऊंनी ओट्यावरूनच सांगितलं होतं. सुप्रिया दाराआड उभी होती म्हणे. मी सरुबाईंना मध्यस्थीला पाठवलं, गेणभाऊंनी त्यांनाही वाटेला लावलं. दादाभाऊंच्या घरी त्या वर्षी झोका बांधला गेला नाही.

आणि मग, गणपती झाल्यावर, ट्रस्टकडून कळलं की ते प्रमुखसाहेब नोकरी सोडून गेले. आम्हाला तीन वर्षं हलू नका म्हणून बजावणारा माणूस स्वतः वर्षभरही टिकला नाही! कुठल्या तरी आणखी मोठ्या ट्रस्टमध्ये गेला म्हणे. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या, त्यांना सगळ्या संस्थांशी व्हिडिओ कॉलवर ओळख करून घ्यायची होती. सरुबाईंच्या शेतात माणसं लागलेली, म्हणून त्या आल्या नाहीत. दादाभाऊ आले होते. हल्ली घरी करमत नाही म्हणून उगाच येऊन बसायचे.

मॅडम उत्साही होत्या. जुन्या फायली वाचून आल्या होत्या. "तुमची ती पाळीची पद्धत मला इतकी आवडली!" त्या म्हणाल्या. "सगळ्यांना संधी, सामूहिक नेतृत्व. आम्हाला असंच हवं आहे. ती तुम्ही बंद का केलीत?"

मला हसावं की लॅपटॉप खिडकीतून खाली खताच्या गोण्यांवर फेकावा, कळेना. "तुमच्याच आधीच्या साहेबांनी..."

"हो, तो त्यांचा दृष्टिकोन होता. आता आपण ती परत सुरू करू या. पुढच्या पाळीला कोण आहेत?"

पुढच्या पाळीला गेणभाऊ होते. मी दादाभाऊंकडे पाहिलं. वाटलं, सुटला हा माणूस. आता तडक लोणीला जाईल, खुर्ची देईल आणि लेकीला घेऊन येईल. खरं सांगते, माझ्याही मनात आलं की होऊ दे, संस्थेचं काय व्हायचं ते होवो.

दादाभाऊ स्टूल ओढून पडद्याच्या अगदी जवळ आले. मॅडमना बहुधा त्यांची नुसती टोपीच दिसत असावी.

"न्हाई," ते म्हणाले.

"सॉरी?"

"बाई, पाळ्या परत व्हनार न्हाईत. सरुबाई काम चांगलं करतीया, तीच बसंल. मी एकदा न्हाई म्हणलोय. लई म्हागात पडलंय त्ये. आता माघारी घेत नाय."

मी डोळे मिटून घेतले. तीन वर्षांचा निधी, ठराव करायला निघालेली गावं, माझा पगार, सगळं त्या एका क्षणात अडकलं होतं. पडद्यावर मॅडम कागद चाळत होत्या.

"ओके," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सोयीचं असेल तसं करा. निधी ठरल्याप्रमाणे मिळेल. पुढचा मुद्दा, फोटो जरा चांगले पाठवत जा."

एवढंच. लिंबू सरबत नको म्हटल्यावर कुणी चहा विचारावा, इतक्या सहज. मी फोटो पाठवते म्हणाले आणि कॉल संपला.

दादाभाऊ काळ्या पडद्याकडे बघत राहिले. खाली कुणीतरी युरियाची गोणी उतरवत होतं.

"ताई," ते म्हणाले, "ह्या लोकांला न्हाई म्हणलं तर चालतं व्हय?"

मी लॅपटॉप मिटला.

"मंग त्या पहिल्या सायबालाच 'न्हाई' का म्हणलो नाय आपुन?"