मोहाच्या हातांची साखर

सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याने तर तिला माझा चेहराही दिसत नव्हता. त्या दिवशी गावच्या शाळेत तपासणी होती. ज्यांची साखर ठीक निघेल, त्यांना त्याच गाडीने गोंदियाला ऑपरेशनसाठी नेणार होते. आम्ही दोघी पहाटेपासून मोहाची फुलं वेचत होतो. टोपल्या घरी ठेवल्या आणि तशाच शाळेत गेलो.

नर्सबाईने सासूच्या बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. मशीनवर आकडा आला, तीनशे बारा.

"आजी, शुगर खूप आहे. ऑपरेशन नाही होणार. आधी डॉक्टरांना दाखवा."

"माहा चहा तं फिकाच रायते वं," सासू म्हणाली. "कुठून आली साखर?"

मला चार माणसांत बोलायला जमत नाही. चौथीपर्यंत शाळेत होते, तेव्हाही उत्तर येत असून हात वर करत नसे. पण एवढ्याशा थेंबातून मशीन काय ओळखतं, ते पाहायचं होतं. मी बोट पुढे केलं. माझे आले दोनशे चौऱ्याहत्तर.

"एकाच गंजातला भात खातेत," रांगेत मागे उभी असलेली आमची शेजारीण म्हणाली, "साखरबी वाटून घेतली." सगळ्या हसल्या.

रक्त थांबवायला दिलेला कापूस मी टाकायला गेले, तर तो अंगठ्याला चिकटून बसला. मोहाचा रस वाळला की असाच चिकटतो. मी नर्सच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सिस्टर, हे मोहाचं गोड तं नसंल? आम्ही फुलं वेचून आलो."

तिने माझं बोट चाचपून पाहिलं. मग जास्त साखर निघाली म्हणून लिहून ठेवलेली तिन्ही नावं वाचली आणि आम्हा सगळ्यांना हातपंपावर पाठवलं. "साबण लावून घासा. हात पूर्ण कोरडे करून या. नुसत्या बोळ्याने हे जात नाही."

धुतल्यावर सासूचे एकशे सव्वीस आले. माझे अठ्ठ्याण्णव. मशीनला थेंबातली साखर कळते, ती रक्तातली की फुलातली हे कळत नाही, असं नर्सने समजावलं.

तिसरं नाव त्या शेजारणीचं होतं. आमच्यामागोमाग तिचीही साखर जास्त निघाली होती. तिने दोनदा हात धुतले, तरी आकडा तीनशेच्या वरच राहिला.

"आणखी घासू का?" तिने दोन्ही तळवे पुढे केले.

"नाही, ताई. ही तुमचीच आहे. सोमवारी दवाखान्यात या."

सासू गाडीत बसली. खिडकीतून मला म्हणाली, "कोंबड्या झाकजो." गाडी गेली. शेजारीण आणि मी घराकडे निघालो. चालता चालता ती आपले तळवे पाहत होती.

"तुमची तं धुऊन गेली," ती म्हणाली. "माही काऊन नाही गेली वं? मले तं काही दुखत नाही, खुपत नाही."

 सोमवारी मीही सोबत येते, असं मी म्हटलं. तिथल्या डॉक्टरला मलाही तेच विचारायचं होतं.