तायडे मॅडमनी ऐकलेलं ‘हाव’

तायडे मॅडम मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकायला बसल्या की चपला काढून ठेवायच्या. मलकापूरच्या आमच्या कॉलेजात पोरं हसायची. “मी त्या बाईच्या घरात बसली आहो. चपला घालून बसू काय?” असं त्या म्हणायच्या. मी त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, आणि हे मी मान वर करून सांगतो.

लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायकांवर आम्हा दोघांचा लेख होता. जर्नलनं तो स्वीकारला होता. तो छापून आल्याशिवाय माझा प्रबंध जमा होणार नव्हता. शेवटची तपासणी म्हणून मॅडम सोनाळ्याच्या रेखाताईंची मुलाखत पुन्हा ऐकत होत्या. सासऱ्यानं तिची बारावीची पुस्तकं रद्दीत घातली होती. सगळा लेख त्यावरच उभा.

“मांगं घे, गजानन.”

मी घेतलं. रेकॉर्डिंगमध्ये मॅडम विचारत होत्या, हे छापलं तर चालते ना? रेखाताई म्हणाल्या, “हाव.” हाव, म्हणजे आमच्याकडचं हो.

“आणखीन मांगं घे.”

मी घेतलं. मॅडमच्या प्रत्येक वाक्यामागे रेखाताईंचं तसंच ‘हाव’ येत होतं.

“हे हाव ऐकून राह्यल्याचं आहे,” मॅडम म्हणाल्या. “आपण बोलतो तं समोरचा हाव-हाव करते ना, तसं. परवानगीचं नाही. मी वऱ्हाडातली, अन् मलेच नाही समजलं.”

“नाव तं बदललं ना, मॅडम.”

“सासरा बदलला काय? गाव ओळखन ना तिले.”

“संपादकाले काय समजते, कोणतं हाव ते?”

“त्याले नाही समजत, म्हणूनच आपल्याले समजलं पाहिजे, बाप्पा.”

आम्ही सोनाळ्याला गेलो. बसमध्ये मी एकच घोकत होतो, बाईनं हो म्हणावं. मॅडमनी लेखातला तिचा भाग तिच्याच बोलीत वाचून दाखवला. वाचून झाल्यावर रेखाताई म्हणाल्या,

“खरं हाय वो मॅडम, सगळं माहंच हाय. पण छापू नोका. बुढा सासरा आता माह्याच हातचं खाते. तो मेल्यावर पाहू.”

मॅडमनी बसस्टँडवरूनच लेख मागे घेतल्याचा मेल केला.

“राग आला काय रे?”

“आला.”

“येऊ दे. तिच्या घरात भांडण लागण्यापरीस तुले राग आलेला बरा.”

प्रबंध लांबला. तो जमा होण्याआधीच मॅडम रिटायर झाल्या. अजूनही सोनाळ्याचं कोणी भेटलं की रेखाताईंचा सासरा कसा आहे, हे माझ्या ओठांवर येतं. मी विचारत नाही. कशासाठी विचारावंसं वाटतं, ते मला माहीत असतं.