फोटोतून पुसलेला खड्डा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. गटातल्या मित्रांजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

मी पत्रकं लिहिते. यमुना वाचवा, झाडं वाचवा, हवा वाचवा. मेट्रोच्या दारात उभी राहून ती वाटते. खोटारड्यांची मला चीड आहे, असं माईकवर किती वेळा ओरडून सांगितलंय! टाळ्याही घेतल्यात.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्या थंडीत मी आणि आई रविवारी सकाळी यमुनेच्या वाळूत फिरायला जायचो. आई अलिबागची. नोकरीपायी इथे, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली आणि समुद्राला मुकली. धुक्यात नदीवर पांढरा फेस तरंगत असायचा — सगळी घाण, पण दिसायचा लाटेसारखा. आई म्हणायची, "नाकाला रुमाल लावला की चौपाटीच गं!" मी हसायचे नाही. मी फेसाचे फोटो काढत असायचे.

एका रविवारी तिनं पिशवी आणली होती. आत बाबांच्या फोटोवरचे वर्षभराचे सुकलेले हार. तिला ते पाण्यात सोडायचे होते. मी तिथेच झापलं, "निर्माल्य नदीत टाकायचं नाही, किती वेळा सांगू?"  ती वाळूत बसली, हातानं खड्डा केला. दोरे आणि जरीचे तुकडे वेगळे काढले, फुलं खड्ड्यात ठेवली, पिशवीची घडी करून काखेत धरली. मी फोटो काढले.

मग? — सांगते.

पत्रकाला चित्र हवं होतं. फेस बघून बघून लोक कंटाळले होते. माणूस हवा होता, गुन्हेगार हवा होता. आणि खरा गुन्हेगार वाळूत कशाला येतोय? आईच्या एका फोटोत ती वाकलेली होती, हात पुढे, मागे पाणी. मी फोनवर बोटानं खड्डा पुसला. दुसऱ्या फोटोतली फाटकी प्लास्टिकची पिशवी उचलून तिच्या हातापुढे पाण्यात चिकटवली. फेस काळपट केला. चेहरा धूसर केला. वर लाल अक्षरं — 'नदीचे मारेकरी! ओळखा यांना!' किती वेळ लागला असेल? आईनंच करून दिलेला चहा अजून गरम होता.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळात तिळगुळाचा कार्यक्रम असतो. खुर्च्यांवर पत्रकं मीच ठेवली. आई ते वाचेल, हे मला सुचलं नसेल? खरं सांगू — सुचलं होतं. वाटलं, चेहरा कुठे दिसतोय?

देशमुखकाकूंनी पत्रक उचललं. "बिल्कुल अक्कल नाही या बायकांना! ह्यांनाच बुडवा यार त्या पाण्यात." बाजूच्या हसल्या. आई शेजारीच बसली होती, पत्रक हातात घेऊन. फोटोतल्या मरून शालीच्या कोपऱ्याला भोक होतं, बाबांच्या हीटरनं जळलेलं. तीच शाल आईच्या अंगावर. एका बोटाचं काम होतं ते भोक पुसणं. चेहरा झाकायच्या नादात राहून गेलं.

आईनं शालीचा तो कोपरा मुठीत घेतला. "हो ना," म्हणाली, "लोकांना कळतच नाही." आणि काकूंपुढे तिळगुळाचा डबा धरला.

मी दारात उभी होते. दोन पावलं पुढे जाऊन बोलता आलं असतं. उरलेली पत्रकं वाटत राहिले.

तिनं मला कधीच काही विचारलं नाही. आधी वाटायचं, विचारू नये. नंतर वाटायला लागलं, विचारावं एकदा. त्यानंतर ती नदीवर आली नाही — गुडघे दुखतात म्हणते. बाबांचे हार आता बाल्कनीतल्या कुंडीत जिरवते. मी एकटीच जाते. धुकं असतं, फेस असतो, फोन खिशात राहतो. तो फोटो अजून फिरतोय. लोक त्या बाईला शिव्या देतात. मी वाचते आणि पुढे सरकते.

मूळ फोटो माझ्याकडे आहे. त्यात खड्डा स्वच्छ दिसतो, कारण तो काढताना आई म्हणाली होती, "खड्डा नीट येऊ दे हं. तुझ्या पत्रकात घाल, असं करायचं म्हणून लोकांना दाखव."

मी 'हो' म्हटलं होतं.