नीलूचा अभिमान

माझी धाकटी बहीण नीलू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी एस्प्लनेडच्या बाजारात तिच्याच वाढदिवसासाठी साडी बघत होते. साध्या तापाचं निमित्त झालं... महिना उलटून गेला, तरी मला तिचा रागच येतो. असं कुणी जातं का गं?

बाबांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि नीलू इथेच जन्मली. तिचं मराठी म्हणजे घरची करमणूक! "पाणी खाल्लं" म्हणायची. एकदा गणितात नापास झाली तेव्हा बाबांना म्हणाली, "मी खूप चेष्टा केली होती." बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे आम्हाला मागाहून कळलं, तोवर बाबांनी तिला दोनदा झापलं होतं. बाबांचं आणि माझं बंगाली मासळीबाजाराच्या पुढे कधी गेलंच नाही. पुढे ती चित्रकार झाली, तीही कसली? ना झाड, ना माणूस. चौकोन, बाण आणि त्यांवर लिहिलेले शब्द. "हा तर आमच्या ऑफिसातला तक्ता," बाबा म्हणायचे. प्रत्येक प्रदर्शनाचं बोलावणं यायचं आणि दर वेळी नेमके बाबांचे गुडघे दुखायचे.

बाबांच्या पंचाहत्तरीला तिने एक चित्र दिलं. एका टोकाला चौकोनात 'बाबा', दुसऱ्या टोकाला 'मी'. 'मी'मधून कितीतरी बाण निघालेले, 'बाबां'ना न टेकताच मागे वळलेले. प्रत्येक बाणावर एकच शब्द : अभिमान. बाबा असे फुलले म्हणता! "बघ, लेकीला बापाचा केवढा अभिमान आहे!"

"मग बाण परत का फिरलेत?" मी विचारलं.

"कागद पुरला नसेल."

नीलू हसली. "नीट वाचा ना, बाबा," एवढंच म्हणाली. बाबांनी चित्र हॉलमध्ये लावलं आणि सॉल्ट लेकच्या आमच्या घरी येईल त्याला, अगदी दूधवाल्यालासुद्धा, समजावून सांगितलं.

परवा नीलूची मैत्रीण शर्मिष्ठा भेटायला आली. बाबांनी तिलाही चित्रासमोर नेलं, मोडक्या हिंदीत तेच सांगितलं. तिने एकेक बाण वाचला, मग हळूच हिंदीतच म्हणाली, "काका, ती विचार बंगालीत करायची. आमच्याकडे अभिमान म्हणजे गर्व नाही. आपलं माणूस आपल्याकडे बघत नाही, तेव्हा मनात जे दाटतं ना, तो अभिमान. परक्यावर कुणी करत नाही तो."

असा संताप आला मला शर्मिष्ठाचा! काय अडलं होतं सांगायचं? म्हाताऱ्याकडे तेवढं एकच तर उरलं होतं.

बाबा चित्राजवळ सरकले. मागे वळलेल्या एकेका बाणावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे... रुसली होती?" त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली.

"अगं, मग रुसलेय म्हणायचं ना," बाबा म्हणाले. "मी समजूत काढली असती."